सही मुलाची, रक्त आईचं: वॉर्डातल्या एका एचआयव्ही टेस्टचं प्रकरण

मी नाशिकमध्ये गेली बारा-तेरा वर्षं एचआयव्हीची समुपदेशक म्हणून काम करते. आमचं हॉस्पिटल सरकारी आहे, नाव लिहीत नाही, कारण ह्या प्रकरणात अजून दोन हॉस्पिटलं येतात आणि मला कुणाला उघडं पाडायचं नाहीये, जे झालं ते सगळंच्या सगळं लिहायचंय. पेशंटची ओळख लागू नये इतपत तपशील बदललेत आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलंय. त्या म्हणाल्या, "लिहा की, पण नाव नको आन गाव तर नकोच नको."

मी त्यांना मावशी म्हणते, इथंही तेच म्हणते. वय ५४, दिंडोरी तालुका, स्वतःची जमीन एकरभर आणि बाकी द्राक्षाच्या बागेत रोजानं जायचं, डिपिंग, विरळणी, काढणी जे असेल ते. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, पिंपळगावहून टोमॅटो-कांदा भरून आग्रा रोडनं वरती इंदूरकडं आणि पुढं उत्तरेत, महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. तो जाऊन ११ वर्षं झाली, घरात सगळे सांगतात "टीबीनं गेला". मोठा मुलगा पिकअप चालवतो, त्याचं लग्न झालंय, दोन लहान मुलं आहेत, मुलगी सासरी, धाकटा कॉलेजला.

आमच्याकडे त्या दिवाळीनंतर आठवड्याभरात ॲडमिट झाल्या, पण प्रकरण त्याच्या खूप आधी सुरू होतं म्हणून मागं जाते. साधारण दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या बरगडीवर नागीण उठली होती. गावात करतात तसं गेरू लावला, एका म्हाताऱ्याकडून उतरवून घेतली, तीन आठवडे आग आग झाली आणि डाग राहिला. नागीण कुणालाही होऊ शकते, पण शरीराची प्रतिकारशक्ती खाली गेली की ती डोकं वर काढते, त्यामुळं नागीण दिसली की एचआयव्हीची टेस्ट करू का हे विचारायला हवं. ते कुणी विचारलं नाही कारण त्या कुठल्या डॉक्टरकडं गेल्याच नव्हत्या, इथपर्यंत कुणाचा दोष नाही.

मग आषाढात ताप सुरू झाला, संध्याकाळी यायचा, रात्री घामानं चोळी भिजायची. तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात चार दिवस ॲडमिट, विडाल टेस्ट पॉझिटिव्ह म्हणून टायफॉईड धरला, सलाईन लावलं, घरी पाठवलं. वजन तेव्हा ४४ किलो होतं हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे, त्याआधी त्यांचं वजन पन्नासच्या पुढं असायचं असं सून सांगते. महिन्याभराचा ताप, वजन घटलेलं, मधून मधून जुलाब. ह्या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर एकत्र असताना एचआयव्हीचा विचार यायलाच हवा होता, तो का आला नाही हे मला चांगलं माहितीये. समोर नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली पन्नाशीतली विधवा बाई बसलीये, तिला हे कसं विचारायचं? हाच पेशंट पस्तिशीचा ड्रायव्हर असता तर पहिल्याच दिवशी टेस्ट झाली असती. आपण चेहरा आणि कपडे बघून टेस्ट ठरवतो, मी इतकी वर्षं हे बघतेय, डॉक्टर करतात, नर्सेस करतात, आमच्यातले समुपदेशक पण करतात.

गणपतीच्या दिवसांत दम लागायला लागला म्हणून मुलानं त्यांना नाशिकला शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात आणलं. एक्स-रेत उजव्या बाजूला फुप्फुसाभोवती पाणी दिसलं. पाणी काढायचं ठरलं, आणि आता इथून खरं प्रकरण सुरू होतं.

पाणी काढण्याआधी "व्हायरल मार्कर" पाठवले, म्हणजे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. बहुतेक ठिकाणी ऑपरेशन किंवा कुठलीही प्रोसिजर असली की हे आपोआप पॅनेलमध्ये जातं, कुणी वेगळं लिहितसुद्धा नाही. मावशींना कुणी काही सांगितलं नाही. ॲडमिशनच्या वेळी मुलानं आठ-नऊ पानांवर सह्या केल्या होत्या, त्यातल्या एका पानावर इंग्रजीत एक ओळ होती की सगळ्या आवश्यक रक्ततपासण्यांना माझी संमती आहे. झाली संमती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिलिंग काउंटरजवळ मुलाला बोलावून सांगितलं की तुमच्या आईला एचआयव्ही आहे, आमच्याकडे पाणी काढता येणार नाही, सरकारीत घेऊन जा. शेजारी दुसऱ्या पेशंटचा नातेवाईक बिल भरायला उभा होता. मुलगा मला नंतर म्हणाला, "मॅडम, मी त्या माणसाकडंच बघत होतो, त्यानं ऐकलं का नाही ते."

डिस्चार्ज कार्ड मी स्वतः पाहिलंय. निदानाच्या रकान्यात "आरव्हीडी" (म्हणजे एचआयव्हीच, रेट्रोव्हायरल डिसीज) अशी तीन अक्षरं आणि खाली पुढील उपचारांसाठी मोठ्या हॉस्पिटलला पाठवले. ही तीन अक्षरं गुप्तता पाळण्यासाठी म्हणून वापरतात पण नाशिकमधल्या कुठल्याही हॉस्पिटलातल्या मामा-मावशींना, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांना विचारा, त्यांना अर्थ पाठ आहे. फाइलच्या कव्हरवर तेच लाल पेननं, भोवती गोल. बिलात "स्पेशल किट" म्हणून वेगळी रक्कम. आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणजे एका कार्ड टेस्टवरचा "रिॲक्टिव्ह" हा शब्द, त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत की पुढच्या टेस्टनं खात्री करून घ्यावी. ती ओळ कुणी मुलाला वाचून दाखवली नाही.

आता मुलगा आईला कुठं घेऊन गेला? कुठंच नाही. घरी घेऊन गेला. चाळीस-बेचाळीस दिवस त्या घरी होत्या, दम लागत होता, तोंडात पांढरा थर आला होता, वरणभातसुद्धा गिळताना त्रास. मुलानं गावातल्या डॉक्टरकडून खोकल्याची औषधं आणली, एक आयुर्वेदिक काढा आणला, रिपोर्ट बाइकच्या डिक्कीत ठेवला आणि बायकोशिवाय कुणालाच सांगितलं नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला त्याचा राग आला होता, पुढं त्याचं ऐकल्यावर तो राग गेला.

आमच्याकडे आल्या तेव्हा वजन ३७. फीमेल मेडिसिन वॉर्ड, सतरा नंबरची कॉट, ऑक्सिजन लावलेला. मुलानं आधीचा रिपोर्ट दाखवलाच नाही, फक्त एक्स-रे दाखवला. पहिल्याच रात्री आमच्या इंटर्ननं सीबीसीबरोबर एचआयव्हीचं सँपल पण पाठवून दिलं, कुणाला न विचारता, आणि सकाळी लॅबमधल्या टेक्निशियननं ते परत पाठवलं कारण त्यासोबत समुपदेशनाचा फॉर्म नव्हता. म्हणजे जे खाजगीत झालं तेच आमच्याकडेही होणार होतं, एका टेक्निशियननं अडवलं म्हणून वाचलं. इंटर्न पोरगी हुशार आहे आणि तिची शंका शंभर टक्के बरोबर होती, तोंडातला थर बघून तिला लगेच सुचलं, वॉर्डात तेव्हा तेवढी एकटीच बरोबर विचार करत होती. फक्त तिला वाटलं की शंका बरोबर असली की विचारायची गरज नाही.

सकाळी साडेदहाला वॉर्डातून फोन, मॅडम या, संमती घेऊन ठेवलीये. गेले तर फॉर्मवर सही मुलाची. मी सिस्टरना विचारलं मावशी शुद्धीवर आहेत ना? आहेत की, चहा घेतला आत्ताच. मग सही मुलाची का? सिस्टर म्हणाल्या, "नातेवाईकाचीच घेतो ना आपण सगळीकडं." आणि ते खरंच आहे, आपल्या वॉर्डांमध्ये "नातेवाईक कोण आहे, इकडं या, सही करा" हे वाक्य दिवसातून शंभर वेळा ऐकू येतं, त्यातही पेशंट बाई असेल तर तिला कागद दाखवायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

इथं कायदा काय म्हणतो ते सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे आमचं समुपदेशकांचं खूळ आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. कलम ५ प्रमाणं माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची टेस्ट करता येत नाही, आणि माहिती द्यायची ती त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा पद्धतीनं. इंग्रजी छापील ओळ ह्यात कुठंच बसत नाही. टेस्टच्या आधी आणि नंतर समुपदेशन आहे. पेशंट स्वतः ठरवण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हा त्याच्या प्रतिनिधीचा प्रश्न येतो, चहा पिणाऱ्या बाईच्या बाबतीत येत नाही. कलम ८ प्रमाणं रिपोर्ट तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही आणि दुसऱ्यामध्ये मुलगा पण येतो. टेस्टची अट घालून उपचार द्यायचे किंवा पॉझिटिव्ह आहे म्हणून उपचार नाकारायचे हा भेदभाव, तो पण ह्याच कायद्यानं बंद केलाय. विनासंमती जिथं चालतं ते अपवाद मोजके आहेत, कोर्टाचा आदेश, दान केलेल्या रक्ताची आणि अवयवांची तपासणी, नाव-गाव न जोडता केलेला सर्व्हे. "पाणी काढायचंय" हा अपवाद नाही.

तर मुलाच्या सहीचा तो फॉर्म मी बाजूला ठेवला. पुढचा प्रश्न होता बोलायचं कुठं. आमची समुपदेशनाची खोली तळमजल्यावर आहे आणि सगळ्या वॉर्डाला माहितीये की त्या खोलीत काय असतं, तिकडं व्हीलचेअर नेली की शेजारच्या कॉटवरची नातेवाईक मंडळी लगेच एकमेकींकडं बघतात. कॉटवर बोलायचं तर दोन्ही बाजूला अडीच फुटांवर माणसं. म्हणून आम्ही त्यांना ईसीजीच्या खोलीत नेलं, दुपारी दीडनंतर ती रिकामी असते आणि ईसीजीला तर सगळेच जातात. छोटा ऑक्सिजन सिलिंडर सोबत, मामांनी खुर्ची ढकलली, दार लावलं आणि बाहेर उभे राहिले. ही पाच मिनिटांची व्यवस्था आहे, ह्याला ना बजेट लागतं ना परिपत्रक.

मी सरळ विचारलं. "मावशी, तुमचा ताप आणि दम कशामुळं आहे ते शोधायला काही रक्ताच्या टेस्ट करायच्यात. त्यात एचआयव्हीची पण एक आहे. एचआयव्ही असला की असले आजार लवकर धरतात, आणि तो कळला तर त्याला औषध आहे, फुकट आहे. वॉर्डातल्या अशा सगळ्याच पेशंटना आम्ही विचारतो. नाही म्हणालात तरी तुमचे बाकीचे उपचार चालूच राहतील. करू का?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. मला वाटलं घाबरल्या, मी पुढं काहीतरी बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ताई, माझं ताट येगळं केलंय घरात. गणपतीपासनं. सून म्हणली टीबीसाठी. पण ह्यांचं बी शेवटी असंच केलं हुतं सासूबाईंनी, ताट, तांब्या, गोधडी सगळं. तव्हा पण टीबीच म्हणले हुते. मला काय कळत नाही का?"

म्हणजे त्यांना माहिती होतं. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, पण स्टीलच्या वेगळ्या ताटावरून त्यांनी दीड महिना आधीच ओळखलं होतं आणि एकट्या त्याच्याबरोबर राहत होत्या, कारण मुलगा काही बोलत नव्हता आणि त्यांना वाटत होतं की आपण विचारलं तर त्याला लाज वाटेल. मुलगा गप्प आईसाठी, आई गप्प मुलासाठी. मी त्यांना विचारलं, मग टेस्ट करू? म्हणाल्या, "करा. मला विचारलं ना तुम्ही, करा." अंगठा नाही, सही केली, नाव सावकाश जोडाक्षरासकट लिहिलं. ती सही मी आजही डोळ्यासमोर आणू शकते.

टेस्ट एका किटवर होत नाही. रॅपिड टेस्टच्या तीन वेगवेगळ्या किट, प्रत्येकीची ओळखायची पद्धत वेगळी, पहिली रिॲक्टिव्ह आली की त्याच रक्तावर दुसरी आणि तिसरी लावायची आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. पहिली रिॲक्टिव्ह आणि बाकीच्या नाहीत असंही होतं, म्हणून एका कार्डवरून माणसाला निकाल सांगणं ह्याला माझा जीव तोडून विरोध आहे. मावशींच्या तिन्ही जुळल्या. रिपोर्ट मी त्यांना त्याच खोलीत सांगितला, त्या रडल्या नाहीत, विचारलं "नातवंडांना जवळ घेतलं तर चालतं ना?" दीड महिना त्यांनी नातवंडांना मांडीवर घेतलं नव्हतं. मी सांगितलं की मिठी मारल्यानं, मुका घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही, ताट वेगळं ठेवायचं काही कारण नाही, टीबीसाठी पण ताटाचा संबंध नाही, टीबी हवेतून पसरतो. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलाला सांगायचं का हे मी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, त्याला माहितीच आहे, पण माझ्यासमोर बोला.

मुलगा आधी मला जिन्यात भेटला होता, तेव्हा त्यानं डिक्कीतून आणलेला तो रिपोर्ट खिशातून काढला, चार घड्या घातलेला, घड्यांवर फाटायला आलेला. आईचा काही सांगू नका असा निरोप तेव्हा नव्हता पण होकारही नव्हता म्हणून मी आईबद्दल एक शब्द बोलले नाही, त्याचं ऐकून घेतलं फक्त. तो म्हणाला, "मॅडम, वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मग आईला हे आत्ता कुठून आलं? मी दीड महिना तिच्याशी धड बोललो नाही. तिच्याकडं बघवत नव्हतं." हे ऐकून मला कळलं की बिलिंग काउंटरवर नुसता एक शब्द हातात दिल्यानं त्या घरात काय झालं होतं. एचआयव्ही शरीरात गेल्यावर आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त, काही त्रास न देता राहू शकतो हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो त्याच संध्याकाळी आईला घेऊन सरकारी हॉस्पिटलात आला असता. पुढं आईच्या होकारानं तिच्यासमोर बसून मी हेच सांगितलं, वडिलांचं नाव न घेता. नाव घ्यायची गरज पडली नाही. तो खाली बसला, फरशीवर, आईच्या खुर्चीजवळ, आणि तिच्या पायावर हात ठेवून बसून राहिला. मी बाहेर गेले.

वैद्यकीय बाजू आता जरा भराभर सांगते. सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, ती ६४ आली, २०० च्या खाली म्हणजे आजार खूप पुढं गेलेला. मानेत गाठी होत्या, त्यातल्या एकीतून सुईनं नमुना घेऊन सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधायची टेस्ट केली, टीबी सापडला, रिफाम्पिसिन ह्या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा. पाणी आमच्याकडेच काढलं, नेहमीचे ग्लोव्ह्ज, नेहमीचा मास्क, वीस मिनिटांचं काम, साडेआठशे एमएल निघालं आणि त्या रात्री त्या पहिल्यांदा आडव्या झोपल्या. सीडी४ इतका कमी असला की क्रिप्टोकॉकस ह्या बुरशीची रक्ततपासणी करतात, मेंदूपर्यंत जाते ती, त्यांची निगेटिव्ह आली. दुसरे संसर्ग होऊ नयेत म्हणून को-ट्रायमॉक्साझोलची गोळी सुरू, तोंडातल्या थरासाठी फ्लुकोनाझोल. आधी टीबीची औषधं आणि मग साधारण दोन आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, दोन्ही एकदम सुरू करत नाहीत. एआरटी म्हणजे हल्ली टीएलडी, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन, डोल्युटेग्रॅव्हिर तिन्ही एका गोळीत, दिवसाला एक. पण रिफाम्पिसिन चालू असेल तर ते डोल्युटेग्रॅव्हिरचा जोर कमी करतं, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची अजून एक ५० मिलिग्रॅमची गोळी द्यावी लागते. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. रात्रीची वेळ लक्षात ठेवायला धाकट्यानं मोबाइलला अलार्म लावला, त्याला तेव्हापर्यंत सांगितलेलं होतं, मावशींनी स्वतः सांगितलं.

एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. एआरटी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मानेच्या गाठी एकदम सुजल्या, ताप परत आला, आणि घरात सगळ्यांना वाटलं औषध लागू पडलं नाही, शेजारच्या कुणीतरी गोळ्या बंद करा म्हणून सल्ला पण दिला. हे होतं. प्रतिकारशक्ती परत जागी होते आणि आत दडलेल्या टीबीवर तुटून पडते, त्याची ती सूज असते, डॉक्टर त्याला आयरिस म्हणतात. ह्यात गोळ्या बंद करणं सगळ्यात वाईट. आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की असं झालं तर दुसऱ्या कुणाला विचारण्याआधी मला फोन करा, आणि मुलानं खरंच केला, सकाळी पावणेसातला. तो दीड महिना गप्प बसलेला मुलगा. पंधरा दिवसांत सूज उतरली.

घरातल्यांच्या टेस्टचं पण लिहायला हवं. मुलगी आणि दोन्ही मुलं तिघांनी टेस्ट केली, प्रत्येकाला वेगळं विचारून, प्रत्येकाचा रिपोर्ट ज्याचा त्याला. तिघेही निगेटिव्ह. मुलीला तर घाम फुटला होता, कारण तिचं सासर, तिला कागद घरी न्यायचाच नव्हता, तिनं रिपोर्ट बघितला, माझ्या टेबलावरच ठेवला आणि बसस्टँडवर गेली. टीबीची तपासणीसुद्धा घरातल्या सगळ्यांची झाली, लहान मुलांची विशेष.

आता वॉर्डाचं. मावशी ॲडमिट असतानाच एक दिवस सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टरांबरोबर आमची बैठक झाली आणि त्यात तोच प्रश्न आला जो नेहमी येतो, आणि तो प्रश्न खोटा नाही. एक सीनियर सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही पेशंटच्या हक्कांचं बोलता, आम्ही रोज सुया हाताळतो, आम्हाला आमचा जीव नाही का? कोण पॉझिटिव्ह आहे हे आम्हाला कळायला नको?" ह्या सिस्टरना दोन वर्षांपूर्वी सुई टोचली होती, कॅप परत लावताना, आणि एचआयव्हीचा संसर्ग टाळायच्या २८ दिवसांच्या गोळ्या घेताना घरात कुणाला सांगता येईना म्हणून माझ्या खोलीत येऊन बसायच्या, त्यामुळं त्यांना उत्तर देताना मी कायद्यानं सुरुवात केली नाही.

मी विचारलं, तुम्हाला सुई टोचली तो पेशंट कोण होता? त्या म्हणाल्या, माहिती नव्हतं, फाइलवर काही नव्हतं. तेच तर. फाइलवर लाल गोल असला की आपण सांभाळतो आणि नसला की सैल पडतो. आणि निगेटिव्ह रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा, संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ते तीन महिन्यांपर्यंत रॅपिड टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, विंडो पीरियड, आणि त्याच दिवसांत रक्तात व्हायरस भरपूर असतो. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस बीची, लस घेतली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मी हात वर करायला सांगितलं, हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस कुणाचे पूर्ण आहेत? निम्मेसुद्धा हात वर झाले नाहीत. म्हणजे ज्याची भीती जास्त त्याच्यावर सगळं लक्ष आणि जो धोका जास्त आहे आणि लसीनं टळतो त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. सुई परत कॅप करू नका, सुईचा डबा कॉटजवळ न्या, प्रत्येक पेशंटला ग्लोव्ह्ज, आणि टोचलीच तर दाबू नका, पिळू नका, साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच कळवा, पीईपीचा, म्हणजे त्याच २८ दिवसांच्या गोळ्यांचा, पहिला डोस दोन तासांच्या आत मिळाला तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ह्या गोष्टी पुरवणं, म्हणजे ग्लोव्ह्ज, प्रशिक्षण, पीईपी, ही हॉस्पिटलची जबाबदारी त्याच २०१७ च्या कायद्यात लिहिलेली आहे, तेवढंच तुमच्या हक्काचं आहे आणि ते तुम्ही भांडून मागा, मी तुमच्याबरोबर येते असं मी त्यांना सांगितलं. महिन्याभरात वॉर्डात रात्रीच्या ड्यूटीसाठी पीईपीचा पहिला डोस ठेवायची सोय झाली, त्यासाठी पाठपुरावा त्या सीनियर सिस्टरनीच केला.

एका रेसिडेंटचं म्हणणं असं होतं की विचारत बसलो तर पेशंट नाही म्हणतात, मग निदान राहून जातं. त्याची काळजी खरी होती. पण माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात नीट विचारलं तर नाही म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नाही म्हणतात ते बहुतेक वेळा राउंडमध्ये दहा जणांसमोर उभं करून विचारलं म्हणून. आणि मला स्वतःला वाटतं की मेडिसिन वॉर्डात जो कुणी महिन्याभराचा ताप, वजन घटणं, टीबी, नागीण, तोंडातला थर, लांबलेले जुलाब, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया घेऊन येतो त्या प्रत्येकाला विचारलंच पाहिजे, मग ती माळ घातलेली आजी असो नाहीतर शाळामास्तर. मावशींना तीन ठिकाणी ॲडमिट केलं, पहिल्या ठिकाणी टेस्टचा विचार नाही, दुसऱ्या ठिकाणी टेस्ट केली पण तिला वगळून, आणि ह्या दोन्हींत मिळून चार महिने गेले. आषाढात वजन ४४ होतं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्या ३७ पर्यंत आल्याच नसत्या.

दुसऱ्या हॉस्पिटलचं काय झालं असं बरेच जण विचारतात. मी मावशींना त्यांचे मार्ग सांगितले होते, मोठ्या हॉस्पिटलात तक्रार अधिकारी असायला हवा, त्याच्यावर ह्याच कायद्याखालचा राज्याचा लोकपाल, आणि मदतीला १०९७ हेल्पलाइन. त्या म्हणाल्या नको, मला परत तो काउंटर बघायचा नाही. तो त्यांचा निर्णय आहे. आमच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी पेशंटचं नाव न घेता फोनवर बोलणं केलं, ते शांतपणे ऐकून घेतलं गेलं आणि त्यांनी आमच्याकडून मराठीतला संमतीचा फॉर्म मागून घेतला. वापरतात का ते मी जाऊन पाहिलेलं नाही.

मावशी टीबीची औषधं पूर्ण करून बाहेर पडल्या, निक्षय पोषण ह्या टीबी पेशंटसाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याचे १००० रुपये खात्यात यायचे त्यातून अंडी आणि शेंगदाणे आणायच्या. टीबीचं रिफाम्पिसिन संपल्यावर दोन आठवड्यांनी ती रात्रीची जादाची गोळी बंद केली, तेव्हा मला म्हणाल्या "आता एकच? मग अलार्म पण काढून टाकू का पोराच्या मोबाइलमधला?" मी म्हटलं सकाळचा राहू द्या. सहा महिन्यांचा व्हायरल लोड आला, व्हायरस मोजण्याइतका सापडला नाही. वजन ४८.

मागच्या महिन्यात गोळ्या घ्यायला आल्या तेव्हा नातू बरोबर होता, पाच वर्षांचा, आजीच्या मांडीवरच बसून बिस्किटं खात होता, अर्धं बिस्किट तिच्या तोंडात कोंबत होता. सून बाहेर बाकावर. घरात ताटांचं काय, असं मी विचारणार होते, पण त्याआधी मावशीच म्हणाल्या, "ते येगळं ताट हाये अजून. सून त्यात आता कणीक मळती."

त्यांची पुढची तारीख गोड छाटणीच्या दिवसांत येतेय, तेव्हा बागेत रोज मोडून यायला लागणार म्हणून त्यांनी शनिवार मागून घेतलाय.